दुसरी नळी

टर्कीच्या शिकारीला दुनळी बंदूक न्यावी का, हा अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा जुना वादविषय आहे. बोलणं बहुतेक तांत्रिक चालतं. नळीचं तोंड किती आवळलेलं हवं, छर्रे शिशाचे की टंगस्टनचे, तिसरं काडतूस हाताशी नसेल तर चालेल का. या बोलण्याच्या तळाशी मला एक नैतिक प्रश्न दिसतो आणि बंदुकीला कधी हात न लावलेल्या माणसाचीही त्यातून सुटका नाही. अधिक सोयीचं साधन उपलब्ध असताना माणूस मुद्दाम कमी सोयीचं घेतो, स्वतःवर बंधन घालून घेतो. त्या बंधनाची किंमत कोण चुकवतं?

मी शिकारी नाही. पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. मे महिन्यातल्या काही पहाटे मी त्यांच्याबरोबर जंगलात बसलो आणि उरलेलं वर्षभर त्यांच्याशी वाद घातला. त्यांच्याकडे वडिलांची बारा बोअरची दुनळी आहे. शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप, दोन काडतुसं. बस.

वसंतातली टर्कीची शिकार ही मुळात वाट बघण्याची शिकार आहे. नर पहाटे झाडावरून साद देतो आणि एरवी मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी हा क्रम उलटा करू पाहतो. पाटीच्या तुकड्यावर काडी घासून किंवा लाकडी डबीवर पट्टी फिरवून तो मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावं म्हणून झाडाला पाठ टेकून बसतो. टर्कीचं नाक मंद असतं, पण नजर अतिशय तीक्ष्ण. डास चावला म्हणून हात हलवला की सकाळ संपली. या हंगामात छातीवर केसांच्या झुपक्यासारखी ‘दाढी’ असलेला पक्षीच मारता येतो, म्हणजे जवळजवळ नेहमी नर. हंगामाच्या पहिल्या भागात दुपारी बारा वाजता शिकार थांबवावी लागते.

नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. पिसं, पंखांची हाडं आणि छातीचे जाड स्नायू यांमुळे अंगावर बसलेले छर्रे पक्ष्याला जागीच मारतील याची खात्री नसते. जखमी पक्षी पळतो, उडतो आणि कुठेतरी झुडपात सावकाश मरतो. म्हणून बंदूक पारखताना शिकारी कागदावर बार टाकून बघतात. चाळीस यार्डांवर दहा इंची वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे पडावेत, असा एक रूढ ठोकताळा आहे. लक्ष्य जेमतेम मुठीएवढं आणि तेही चालताना पुढे-मागे हलणारं, हे लक्षात घेतलं की ही दक्षता अतिरेकी वाटत नाही.

या कामाला दुनळी अडचणीची असते. तिच्या दोन नळ्या एकमेकींना डाग देऊन अशा जोडलेल्या असतात की ठरावीक अंतरावर दोघींचे छर्रे एकाच ठिकाणी पडावेत. ही जुळणी कारागिराच्या हाताची आणि ठरावीक भाराच्या काडतुसांसाठीची. आजची जड काडतुसं घातली की एक नळी थोडी खाली मारते, दुसरी थोडी बाजूला. बदकाच्या शिकारीत ते खपून जातं, टर्कीच्या मानेला खपत नाही. शिवाय जुन्या दुनळीचा चोक, म्हणजे तोंडाचा आवळा, कायमचा ठरलेला असतो. एक नळी जास्त आवळलेली, दुसरी कमी. याउलट पंपाची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून आणि आपोआप भरणारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे. बदलता चोक आणि नेमासाठी लाल ठिपक्याची काच आता सर्रास मिळते. टंगस्टनचे छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून अधिक घन असतात, त्यामुळे ते बारीक असूनही लांबवर मारा करतात.

मग हे सगळं सोडून दुनळी कशाला? वडिलांची आठवण हे एक उत्तर आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. देखणेपण हे दुसरं. तिसरं उत्तर असं की त्याने शिकार न्यायाची होते, पक्ष्याला संधी मिळते. अमेरिकेत या कल्पनेला मोठा इतिहास आहे. थिओडोर रुझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. शिकार ही शिकाऱ्याला गैरवाजवी वरचष्मा न देणारी असावी, हा त्या क्लबने रुजवलेला विचार.

मला या उत्तरात एक खोट दिसते. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी खेळाची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपखुशीने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न. चेंडू हाताने उचलून जाळ्यात टाकणं सोपं असतं, तरी फुटबॉल पायानेच खेळायचा. दुनळी घेणारा शिकारी नेमकं हेच करतो. पण फुटबॉलमध्ये समोरच्या संघानेही नियम मान्य केलेले असतात. टर्कीने काहीही मान्य केलेलं नाही. बुद्धिबळात मी वजीर काढून खेळलो तर माझ्या उणेपणाचा फायदा समोरच्याला होतो. शिकारीत माझ्या उणेपणाचा फायदा पक्ष्याला होईलच असं नाही. नेम साफ चुकला तर होतो. अर्धवट लागला तर माझ्या बाणेदारपणाचं बिल त्याच्या नावावर फाटतं.

आपल्याकडच्या उपासाचं उदाहरण इथे चपखल बसतं. घरातला कर्ता पुरुष चतुर्थीचा उपास धरतो. त्याच्यासाठी वेगळी भगर, वेगळी दाण्याची आमटी, वेगळी बटाट्याची भाजी होते, मुलांचा स्वयंपाक नेहमीसारखा आणि रात्री चंद्रोदयानंतर पुन्हा नैवेद्याचं ताट. पुण्य त्याच्या खात्यावर आणि चुलीपुढचे दोन तास बायकोच्या. उपास खरा आहे, श्रद्धाही खरी असेल. फक्त त्याची तोशीस भलत्याच माणसाला पडली आहे. बंधन स्वतःवर घातलं, एवढ्याने ते स्वतःच सोसलं असं होत नाही.

हा निकष लावला की दुनळीचा प्रश्न दोन भागांत फुटतो. या बंदुकीने मी चाळीस यार्डांवर नशीब आजमावणार असेन, तर मर्यादा मी निवडली आणि ती भोगणार पक्षी. पण पक्षी पंचवीस पावलांवर आला तरच बार टाकायचा, नाहीतर रिकाम्या हाताने घरी जायचं, असं ठरवलं असेल तर किंमत मी मोजतो. पहाटे साडेतीनला उठणं, गोठलेले गुडघे, आणि तीस पावलांपलीकडे पिसारा फुलवून उभा असलेला, एवढं करून न मारलेला पक्षी. बंदूक तीच. एका हातात ती मिरवण्याची वस्तू होते, दुसऱ्या हातात ती संयम शिकवते.

दुसऱ्या नळीचंही तसंच. ती कशासाठी असते? एक मत असं की पहिला बार चुकला तर आणखी एक संधी म्हणून. या मतात एक धोका आहे. दुसरी संधी आहे हे ठाऊक असलेला माणूस पहिली जरा उधळेपणाने वापरतो. शेजाऱ्यांचा नियम वेगळा आहे. दुसरा चाप पळणाऱ्या पक्ष्यासाठी नाही, उडालेल्यासाठी नाही. पडलेला पण जिवंत असलेल्यासाठी तो आहे, आणि तो ताबडतोब ओढायचा. ते म्हणाले, “साफ चुकला तर त्याचं माझं काही देणं-घेणं नाही. अर्धा लागला की मी देणेकरी झालो.” त्यांच्या लेखी दुसरं काडतूस हे कर्ज फेडण्यासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे आहेत.

इथे मी त्यांना सर्वांत अवघड आक्षेप ऐकवला. पक्ष्याला वेदना कमी व्हाव्यात हा जर हेतू असेल, तर सर्वांत अचूक, सर्वांत आधुनिक बंदूक घ्यावी आणि तिने पंचवीस पावलांवरच मारावं. अचूक साधन आणि कडक नियम, दोन्ही एकदम. मग दुनळीचं नैतिक समर्थन उरतंच कुठे?

त्यांनी हे नाकारलं नाही. तर्काने ते बरोबरच आहे आणि मी आजही त्यावर ठाम आहे. पण ते म्हणाले, बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना, पन्नास यार्डांवर नर उभा असताना, त्या अचूक बंदुकीबरोबर माझा माझ्यावर भरवसा नाही. तंत्राने दिलेली जादा ताकद दोन ठिकाणी खर्च करता येते. ती खात्री वाढवायला वापरावी किंवा अंतर वाढवायला. माणसाचा कल अंतराकडे असतो. चाळीसला निश्चित मारणारं काडतूस हातात आलं की साठला मारून बघावंसं वाटतं आणि जखमी करण्याचा धोका होता तेवढाच राहतो, फक्त वीस यार्ड पुढे सरकतो. दुनळीने पन्नासला मारण्याचा विचारच मनात येत नाही. म्हणजे ही बंदूक त्यांच्यासाठी सद्गुण नाही. स्वतःच्या दुबळ्या क्षणाचा आधीच केलेला बंदोबस्त आहे. पगार झाल्याबरोबर भिशीचे पैसे भरून टाकणाऱ्या माणसासारखा.

या बंदोबस्ताची गरज कायद्याने संपत नाही, याचं कारणही पाहण्यासारखं आहे. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनहून अधिक काडतुसं बसू नयेत, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम १९३५ पासून आहे. टर्की स्थलांतर करत नाही, त्याचे नियम राज्यं ठरवतात. काडतुसं मोजता येतात, घड्याळ बघता येतं, दाढी तपासता येते. पक्षी किती अंतरावर होता आणि त्या क्षणी माणसाच्या मनात किती खात्री होती, हे मागाहून कुठलाही वनाधिकारी सांगू शकत नाही. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात आणि म्हणून त्याची नीती त्याच्याच सदसद्विवेकावर उभी असते, हा आल्डो लिओपोल्ड यांचा मुद्दा होता. सर्वांत महत्त्वाचा नियम हा सर्वांत कमी तपासता येणारा असावा, हे जरा भीतीदायकच आहे.

कायद्याला कमी लेखायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार शिकार यांनी रानटी टर्की बहुतेक राज्यांतून संपत आणला होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि दारूगोळा यांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात तग धरेनात, तेव्हा जाळी उडवून रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या राज्यांत सोडले गेले. आज त्यांची संख्या काही दशलक्षांत आहे. हे कुणा एकाच्या बाणेदारपणाने झालेलं नाही, सर्वांवर सारख्या लादलेल्या बंधनांनी झालं. जात कायद्याने वाचते. पण एखादा विशिष्ट पक्षी कसा मरतो, ते चाप ओढणाऱ्या बोटावरच राहतं.

मी मांस खातो, म्हणून हा सगळा हिशेब मला परका वाटत नाही. अमेरिकेत वर्षाला वीस कोटींच्या आसपास टर्की शेडमध्ये वाढवले जातात. त्यांची छाती इतकी जड करून ठेवली आहे की त्यांना नैसर्गिक समागमही जमत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. तिथे कुणी किती पावलांवर थांबावं हा प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण सगळं सोयीचं आहे आणि सोयीची किंमत दुसरीकडे चुकती होते. शेजाऱ्यांशी वाद घालताना त्यांचा युक्तिवाद अर्धवट वाटला, तरी निदान ते हिशेब मांडतात, एवढं मला मान्य करावं लागतं.

दर एप्रिलमध्ये ते गोदामामागे कागद लावतात आणि दोन्ही नळ्या पंचवीस पावलांवर तपासतात. गेल्या वर्षी डावी नळी चार बोटं खाली मारत होती. त्यांनी काडतुसं बदलून पाहिली, फरक पडला नाही. मग त्यांनी तो हंगाम फक्त उजव्या नळीवर काढायचं ठरवलं आणि डावीत दुसरं काडतूस ठेवलं ते अगदी पायाशी पडलेल्या पक्ष्यासाठी. त्या हंगामात त्यांनी एकही टर्की आणला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, दोनदा पस्तीस पावलांवर आला होता.