कुपाटीचे खिंडार

मृग निघाला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मागे दोन घाया लागतात. एक पेरणीची, दुसरी वारीची. बी-बियाणे काढायचे आणि पताकाही काढायची. या दोन घायांत तिसरे एक काम असते, ते कोणी मोजीतच नाही. मळ्याच्या कुपाटीला वर्षभरात पडलेली खिंडारे बुजविण्याचे. आज त्या कामाचा विचार करू. विषय बांधावरचा आहे म्हणून कोणी हलका समजू नये. ज्या संप्रदायात माळ्याचा मळा आणि कुंभाराचा चिखल परमार्थाची साधने झाली, तिथे कुपाटीनेच काय पाप केले आहे?

तारेचे कुंपण विकत मिळते; कुपाटी वाढवावी लागते. कुठे मेंदी, कुठे शेर, कुठे घायपात, माळाच्या कडेला सागरगोटी नि करवंद, आणि यांतले काहीच नसेल तिथे बोराटी तोडून रचलेली. आत काय असते? चार वाफे मेथीचे, थोडी वांगी-मिरची, एखादा शेवगा, दोन लिंबोणी. म्हणजे घरातल्या बाईचा आठवड्याचा बाजार. आणि बाहेर काय असते? बाहेर आपली उस्मानाबादी शेळी. काळीभोर, काटक, पुष्कळदा जुळी देणारी, देशभर नावाजलेली. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे मात्र तेच राहिले! ती गरिबाची गाय. तिला नावे ठेवू नयेत. पण फट दिसली की ती तोंड घालते, तोंड गेले की मान जाते, आणि मान गेली की उरलेली शेळी मागे कशाला राहील? सकाळी पहावे तर मेथीचा वाफा सपाट.

मग आपण शेळीला शिव्या घालतो, शेळीवाल्याला घालतो, प्रकरण कोंडवाड्यापर्यंत नेतो. पण खिंडार शेळीने पाडले काय? नीट पहा. पहिल्यांदा तिथून माणूस गेला. पाणंदीने जायला वळसा पडतो, म्हणून मालकानेच दोन फांद्या बाजूला सारल्या आणि धोतर सावरून आत उडी घेतली. दुसऱ्या दिवशी गडी गेला. चार दिवसांत तिथे पायवाट पडली. पायवाटेने कुत्रे गेले, कुत्र्यामागे शेळी, आणि एकदा रान मोकळे झाले की ओढाळ ढोराला कोण अडविणार? कुंपणाने शेत खाल्ले असे आपण म्हणतो. इथे तर मालकानेच कुंपण खाल्ले.

हा झाला दृष्टांत. वारकऱ्याची कुपाटी कोणती ते मी काय सांगावे? गळ्यातली तुळशीची माळ, पंधरा दिवसांची एकादशी, संध्याकाळचा हरिपाठ, वर्षाची वारी, आणि अभक्ष्य-अपेय नाही ही आण. यांतले कोणते खिंडार शत्रूने पाडले? एका एकादशीला प्रवास होता. एका संध्याकाळी पाहुणे होते, हरिपाठ राहिला. कारणे खोटी नव्हती बरे! वळसा वाचला एवढेच. तुटले काहीच नाही, फक्त दोन फांद्या बाजूला झाल्या. काम, क्रोध, लोभ ही ढोरे मोठी खरी, पण ती वाट पाडत नाहीत. आपण पाडलेल्या वाटेने येतात.

आता, खिंडार कुठे आहे हे कळावे कसे? आत उभे राहून भरदुपारी पाहिले तर कुपाटी सगळी हिरवी दिसते. जाणता माळी दिवस कलल्यावर आत उभा राहतो आणि मावळतीकडे तोंड करून खाली वाकतो. उन्ह आडवे आले की जिथे जिथे विरळ आहे तिथून प्रकाश डोळ्यांत शिरतो. दुसऱ्या बाजूची कुपाटी अशीच सकाळी पहायची. आणि एक मौज पहा, फटी बहुधा खालीच असतात. मेंदी न छाटता वाढू दिली की सगळा जोर शेंड्याला जातो. वर छत्रीसारखी गर्द, आणि बुडाशी नुसत्या काटक्या. रस्त्याने जाणारा म्हणतो, काय कुपाटी आहे! शेळी काही वर पाहून चालत नाही.

इथे आपल्याच जिल्ह्यातल्या तेरची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तेर म्हणजे जुने तगर. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याचा माल भडोचच्या बंदराला जाई, ते गाव. पण वारकऱ्याला तेर ठाऊक आहे ते तेरणाकाठच्या गोरोबाकाकांमुळे. शके १२३९ म्हणजे इ. स. १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी तिथे देह ठेवला. संतमेळा जमला असता मुक्ताबाईने काकांची थापटी पाहिली आणि विचारले, हे काय? काका म्हणाले, हिने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग एकेकाच्या डोक्यावर थापटी बसू लागली. बाकीचे सारे शांत बसले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. कथा सर्वांना ठाऊक आहे. पण पुढचे आपण विसरतो. कच्चे ठरलेले मडके काकांनी फेकून दिले काय? नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले, पक्के झाले, आणि त्यांचे नाव पंजाबपर्यंत पोचले. थापटी फोडण्यासाठी नव्हती. कुठे भाजायचे राहिले ते ऐकण्यासाठी होती.

खिंडार सापडले. बुजवायचे कशाने? सोपा उपाय म्हणजे बाभळीचा फेसाटा ओढून आणायचा आणि भोकात कोंबायचा. अर्ध्या तासाचे काम. मालक निश्चिंत. परंतु वाळला काटा म्हणजे वाळवीचे जेवण. पावसाळ्यात कुजतो, उन्हाळ्यात चुलीला जातो, आणि एखादी ठिणगी पडली तर शेजारची हिरवी मेंदीही घेऊन जातो.

वाळल्या काट्यांचा हिशोब एकदा फार मोठ्या सरकारने करून पाहिला आहे. गेल्याच्या मागच्या शतकात मिठावरची जकात चुकू नये म्हणून इंग्रजांनी पंजाबपासून पार ओरिसापर्यंत अडीच हजार मैलांची नाकेबंदी केली होती. आपल्या खानदेशाशेजारचे बऱ्हाणपूरही त्या रेषेवर होते. तिच्यात शेकडो मैल कुंपणच होते. बोर, बाभूळ, करवंद, शेराच्या जातीची झाडे, निवडुंग. म्हणजे आपल्याच बांधावरची मंडळी! राखायला बारा हजारांवर माणसे. त्या खात्याचे प्रमुख ॲलन ह्यूम, जे पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते, त्यांचा हिशोब असा की वाळल्या कुंपणाच्या एका मैलाला अडीचशे टन काटे लागतात, आणि वाळवी, उंदीर, वणवा, वादळ यांपायी त्यातले जवळजवळ निम्मे दरसाल नवे घालावे लागते. म्हणून त्यांनी जित्या झाडांवर भर दिला. १८७९ साली ती नाकेबंदी उठली. गरिबाच्या मिठाआड घातलेली कुपाटी होती ती, गेली ते बरेच झाले. पण सरकारच्या तिजोरीलाही वाळला काटा परवडला नाही, एवढे आपण त्यातून घ्यावे.

जिते लावायचे म्हटले तरी अडचण आहे. खिंडारात नवे रोप लावले की ते बहुधा मरते. का? दोन्हीकडच्या जुन्या झाडांची मुळे त्या जागेत आधीच पसरलेली असतात. माती ओढलेली, वरून सावली. मूळच्या कुपाटीला घातले नव्हते तेवढे खत त्या एका रोपाला घालावे लागते. खड्डा मोठा, माती नवी, जुनी मुळे कडेने तोडलेली, शेजारच्या झाडांची डोकी छाटलेली, आणि पहिले वर्ष हाताने पाणी. नाहीतर दुसरी युक्ती. शेजारच्या मेंदीची लवचीक फांदी खाली वाकवायची, सालीला थोडे खरडून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा. मोगऱ्याचे दाबकलम करतो तसे. फांदी आईच्याच अंगावर जगते आणि खाली स्वतःचे मूळ धरते.

माझे सांगणे ज्याकरिता आहे ते आता येते. दिंडीतून एखादा सुटतो. का सुटतो? कोरडी वर्षे आपण पाहिली आहेत. २०१२ नंतरच्या दुष्काळांत या जिल्ह्यातले किती टाळकरी कर्जाने खाली बसले, किती जण बाटलीला लागले, आणि किती घरांतून कर्ता माणूसच स्वतःच्या हाताने निघून गेला. २०१५ साली सरकारने बळीराजा चेतना अभियान काढले ते यवतमाळ आणि आपला, या दोन जिल्ह्यांसाठी. यावरून ओळखावे. तर अशा सुटलेल्या माणसाच्या जागी आपण काय भरतो? वाळला काटा. ‘माळकरी असून पितो’, ‘वारी मोडली म्हणून हे दिवस आले’. पारावर बसून हे बोलायला काही पडत नाही. अर्ध्या तासाचे काम. आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला हळदीकुंकवाला नाही, पूजेत पुढे नाही. मेलेल्या झाडाचा राग उभ्या झाडावर! हा कसला धर्म?

तिथे शेजारच्या फांदीने वाकले पाहिजे. वाकणे म्हणजे काय, तर संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसणे. तो हरिपाठाला येत नाही ना, मग आठ दिवस हरिपाठच त्याच्या अंगणात करावा. त्या माउलीच्या पेरणीला एक दिवस आपली अवजारे जावीत, आणि तिच्या पोराच्या हातात बापाचे टाळ द्यावेत. घायपात पहा. तिला आयुष्यात एकदाच फुलाचा दांडा येतो आणि ती मरते. पण मरण्याआधी बुडाशी पिले सोडून ठेवते. जागा पिलांनी भरते. फक्त त्यांना कोणी उपटू नये.

आणि हे वेळेवर व्हावे. उगवण विरळ झाली तर आपण नांगे भरतो, ते आठदहा दिवसांत. महिन्याने भरलेला नांगा शेजारच्या ताटांच्या सावलीत खुजाच राहतो. दिंडीत या वर्षी रिकामी राहिलेली जागा याच वर्षी भरावी.

एक शंका कोणी विचारील. सगळीच भोके बुजवायची, तर माणसाने जावे-यावे कुठून? शंका रास्त आहे. कुपाटीला ताटी असतेच. ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्याने कष्टी होऊन ताटी लावून बसले, तेव्हा मुक्ताबाईने बाहेरून विनवणी केली, तेच ताटीचे अभंग. खिंडार आणि ताटी दोन्ही मोकळ्या जागाच. फरक एवढा की ताटी आपल्या हाताने उघडते आणि आपल्या हाताने लागते. काही भावांच्या वाटणीत अशी जागा ठेवलेली असते, की दोन्ही घरच्या सुना ताक-विरजणाला ये-जा करतील. ती काटे घालून बंद करणारा आणि पुढे बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारा महाभाग कुपाटीचा धनी नव्हे. त्याला तिचा अर्थच कळला नाही.

दुसरी शंका आमच्या गावकऱ्यांची नेहमीची. महाराज, मृगात वई करावी तर वारी जवळ आली. वारीला जावे तर वई राहते. यावर अरणच्या सावतोबांकडे बोट दाखविण्याची चाल आहे. ते मळा सोडून गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला; आजही आषाढ वद्यात त्यांच्या पुण्यतिथीला पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. खरे आहे. पण सावतोबांना भाजीपाल्यात देव दिसत होता. आपल्याला भाजीपाल्यात बाजारभाव दिसतो, तेव्हा आपण वारीला जावे हे बरे. वई राहत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी एक फांदी वाकवावी, माती लोटावी, दगड ठेवावा. दोन घटकांचे काम. मग पाऊस त्याचे तो करतो. गोपाळपुरचा काला करून परत आलात तरी दगड हलवू नका. दसऱ्याच्या सुमारास दगड काढावा आणि फांदी हळूच ओढून पहावी. खालून हाताला ओढ लागली तर आईपासून तोडावी. नाहीतर माती सारखी करून दगड पुन्हा ठेवावा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!