जिंकलेली कुस्ती

जळगावहून सुटलेल्या पॅसेंजरनं शिरसोली मागं टाकलं तरी पोऱ्या बोलत नव्हता. 57 किलो गटाची अंतिम कुस्ती तो 0-10 अशी हरला होता. समोरच्यानं एकेरी पट काढला, खाली दाबून कमरेला मिठी घातली आणि चार वेळा फिरवलं. दहा गुणांचा फरक झाल्यावर पंचांनी कुस्ती थांबवली. दोन मिनिटंही झाली नव्हती.

डब्यात सगळे त्याच दोन मिनिटांवर बोलत होते. मामा म्हणत होते, पोरगा दमलेला होता. काका म्हणत होते, समोरचा मुरलेला पैलवान होता. आपल्याकडे हे असंच चालतं. हरलेल्या कुस्तीचा पंचनामा होतो आणि जिंकलेल्या कुस्तीची मिरवणूक निघते.

म्हसावद आलं तेव्हा वस्ताद पहिल्यांदा बोलले. "तू कसा हारना ते ऱ्हाऊ दे. कसा जितना, ते सांग."

पोऱ्यानं मान वर केली. उपांत्य फेरी त्यानं 8-6 नं मारली होती. ढाकेचे चार गुण, मग दोनदा मागं जाऊन घेतलेला ताबा, लोकांनी खांद्यावर उचलून घेणं, सगळं त्यानं सांगितलं. सांगता सांगता आवाज जरा मोकळा झाला.

"आणि समोरच्याले सहा गुण कुठून भेटले?"

पोऱ्या गप्प झाला.

"तीनदा पट काढला त्यानं, तिन्ही वेळा डाव्या पायावर. ढाकेला सरकताना तू डावा पाय आधी टाकतो आणि सगळा भार त्याच्यावर देतो. दुपारी तुला ज्यानं पाडलं, तो तेव्हा मॅटच्या कडेला बसून होता. त्याला ते दिसलं. तुला दिसलं नाही, कारण पंचांनी तुझाच हात वर केलेला."

"पण आबा, जिंकलो तर होतो ना?"

वस्तादांनी खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. 1948 साली लंडनला मातीतला हा पैलवान गादीवर लढला आणि जगात सहावा आला. तेवढ्यावर कौतुक करून घ्यायला कोणाची ना नव्हती. पण खाशाबांनी पुढची चार वर्षं राहिलेली उणीव भरून काढण्यात घातली. 1952 साली हेलसिंकीला ब्राँझ आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "सहाव्या नंबरवर खूश झाले असते, तर आज तुला त्यांचं नाव माहीत नसतं," वस्ताद म्हणाले.

पाचोऱ्याला उतरेपर्यंत मग कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत सपाट्या झाल्यावर वस्तादांनी जोडीदाराला सांगितलं, याच्या फक्त डाव्या पायावर जा. पोऱ्या पडला, उठला, पुन्हा पडला. चाळीसगावजवळच्या सायगावचे विजय चौधरी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, त्यांचा फोटो भिंतीवर होता. त्या फोटोसमोर सबंध पावसाळा हेच चाललं. ढाक मारायची त्याला बंदीच होती. याचा त्याला राग यायचा आणि वस्ताद तो येऊ द्यायचे.

पुढच्या वर्षी तो त्याच वजनात उतरला आणि उपांत्य फेरीत 3-4 असा हरला. पण सहा मिनिटांत डाव्या पायावर एकही गुण गेला नव्हता. वस्तादांच्या लेखी ती त्याची आजवरची सर्वांत चांगली कुस्ती होती.