हिशेब कुणाला द्यायचा?

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका पोरानं सरळच विचारलं, "काका, शिष्यवृत्तीवर शिकलो म्हणजे आपण कुणाचे देणेकरी?" पोरगं सकाळी कॉलेज करतं आणि दुपारनंतर मजुरीला जातं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. घरी आलो तर झोप लागेना. म्हणून हे लिहितोय.

दोस्तांनो, मी १९८१ साली कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिलाच. शिष्यवृत्तीच्या खिडकीशी उभं राहिलं की आतला कारकून मोठ्यानं म्हणायचा, "आले सरकारचे जावई!" आजूबाजूची पोरं हसायची. आम्ही खाली मान घालून सही करायचो आणि वर "थँक्यू साहेब" म्हणायचो. स्वतःच्या हक्काचे पैसे घेताना अपमान करणाऱ्याचेच आभार! ही सवय आमच्या हाडात कुणी मुरवली, ते वेगळं सांगायला नको.

फॉर्म जुलैत भरला, पैसे फेब्रुवारीत आले. मधले सात महिने मेसचं बिल, पुस्तकं, एस.टी.चं भाडं कुणी भरलं? माझ्या आक्कानं. माय खुरपायला जायची, म्हणून मला सांभाळायला आक्काची शाळा चौथीतच सुटली होती. त्या साली तिनं पायातले चांदीचे तोडे सावकाराकडं गहाण टाकले. ते परत सुटले नाहीत.

म्हणजे बघा, कॉलेजच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं सरकारची रक्कम लिहिली गेली. आक्काची रक्कम कुठंच लिहिली नाही. मी शिकलो, राखीव जागेवर बँकेत लागलो, शहरात घर बांधलं. आक्का गावातच राहिली.

२०२२ साली तिच्या नातीला नर्सिंगला प्रवेश लागला. तीन दिवसांत अठरा हजार भरायचे होते. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण मागाहून. आक्का शेंगांची पिशवी घेऊन दारात आली. आणि मी, कर्जखात्यात जन्म घालवलेला माणूस, काय बोललो? "आक्का, प्रवेशाचं पत्र आणलंस का? आणि परत कधी जमतील?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "भाऊ, तवा म्या तुला पावती मागितली व्हती का रं?"

पैसे मी त्याच दिवशी दिले. पण त्या क्षणी मी खिडकीच्या आतला माणूस झालो होतो, हे खोटं कसं म्हणू?

आता प्रश्न असा, की उपकार कशाला म्हणायचं आणि हक्क कशाला? बाबासाहेबांकडं बघू. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तिच्यापायी बडोद्याची नोकरी करायचा करार होता. तो पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले, तर त्या शहरानं त्यांना राहायला घर दिलं नाही. तरी ते ऋण विसरले नाहीत. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं १९२५ चं पुस्तक त्यांनी सयाजीरावांना अर्पण केलं. पण त्याआधी, १९२३ साली, रुपयावरचं पुस्तक आईवडिलांना अर्पण केलं होतं. आणि १९४० चं पाकिस्तानवरचं पुस्तक रमाईच्या स्मृतीला. जिनं करार केला नव्हता, जिची रक्कम कुठं लिहिलेली नव्हती, तिचंही देणं त्यांनी छापून मान्य केलं.

आणि पुढं त्यांनी काय केलं? स्वतःला जे एका राजाच्या मर्जीनं मिळालं, ते पुढच्या पोरांना मर्जीनं मिळू नये म्हणून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सरकारच्या तिजोरीतून शिष्यवृत्ती मंजूर करून घेतली. मर्जीचा हक्क केला. म्हणून आजच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारचे आभार मानायचं कारण नाही. सरकारला जाब विचारायचा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या पोराला निर्वाहभत्ता वर्षाला ३,००० रुपये. महिन्याला अडीचशे. यात कोण जगतं? २०२४ साली मुझफ्फरनगरच्या रोजंदारीवाल्या बापाच्या एका दलित पोराला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली आणि १७,५०० रुपये वेळेत न भरल्यानं गेली. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ती परत मिळाली. गुणवत्तेची पोपटपंची करणाऱ्यांनी सांगावं, तिथं गुण कमी पडले की पैसे? आणि जी पोरं दिल्लीपर्यंत पोचत नाहीत त्यांचं काय?

काही मित्र म्हणतात, नोकरीवाल्यानं किती ओझी वाहायची? त्याच्याही डोक्यावर घराचं कर्ज आहे, म्हातारे आईबाप आहेत. खरंय. एकट्याच्या पगारावर समाज वर येत नाही, आणि तसा आव आणणाराही खोटा. दुसरे म्हणतात, आपण पैसे भरले की सरकार मोकळं सुटतं. हेही खरंय. पण सरकारशी भांडण होईपर्यंत पोरीची फी भरायची तारीख थांबत नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जे दुःख बोलून दाखवलं, ते ऐकून आपण दरवर्षी हळहळतो. हळहळून कुणाची फी भरली जात नाही.

म्हणून त्या पोराला माझं उत्तर असं. सरकारचा तू देणेकरी नाहीस. खिडकीशी मान ताठ ठेव, तारीख विचार, पावती माग. पण तुझ्यासाठी जिची शाळा सुटली तिचा तू देणेकरी आहेस. ते देणं तिला पुरतं फेडता येत नाही, म्हणून ते तिच्यासारखीच्या पोरीला द्यायचं, आणि देताना कागद मागायचा नाही.

आमच्या वस्तीतल्या नोकरीवाल्या अकरा जणांनी यंदा जूनपासून पेटी ठेवायची ठरवलीय. प्रवेशाची रक्कम आधी पेटीतून भरायची, शिष्यवृत्ती आली की पोरानं जमेल तशी टाकायची. नाहीच जमली तर विचारायचं नाही. आणि ज्यांचे पैसे अडलेत त्यांची यादी घेऊन समाजकल्याणच्या कचेरीवर सगळ्यांनी जायचं, नोकरीवाल्यांनीसुद्धा. रजा टाकून.

पेटीत पहिले पैसे मी टाकले. कुणाच्या नावानं टाकले ते आक्काला अजून सांगितलेलं नाही.