अंधाची काठी आणि तिचा धनी

‘आंधळ्याची काठी’ असें आपण एकुलत्या एका आधारास म्हणतों. परंतु त्या काठीचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती अंधाच्या स्वतःच्या हातांत असते. एकदां दिली कीं देणाराचा तिजवरील अधिकार संपतो. अलीकडे अंध पादचाऱ्यांस एक नवी काठी मिळूं लागली आहे; तिचें दुसरें टोंक मात्र देणाराच्याच मुठींत राहतें. दिलेला आधार परत घेण्याचा नैतिक अधिकार दात्यास कितपत आहे, याचा त्या निमित्तानें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही नवी काठी म्हणजे मोबाइल फोनवरील मार्गदर्शक अॅप. उपग्रहांच्या संदेशांवरून फोन आपलें स्थान ठरवितो, तें नकाशाशीं ताडून पाहतो आणि वाट बोलून सांगतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१८ सालीं ‘साउंडस्केप’ नांवाचें असें एक अॅप विनामूल्य दिलें. नुसतें ‘डावीकडे वळा’ असें सांगण्याऐवजीं, दुकान वा चौक ज्या दिशेस असेल त्याच दिशेनें तें आवाज ऐकवी. मुक्कामाचें ठिकाणही ध्वनीनें खुणावीत राही. वाट कोणती धरावयाची हें चालणारानेंच ठरवावें, असा त्यांतील हेतु होता. परंतु २०२३ च्या जानेवारींत कंपनीनें तें अॅप वितरणांतून काढून घेतलें.

कोणी म्हणेल, जें फुकट दिलें तें थांबविल्याबद्दल तक्रार कसली? एखादा सावकार उन्हाळ्यांत पाणपोई घालतो आणि पाऊस लागतांच ती मोडतो. त्यास कोणी बोल लावीत नाहीं. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण पाणपोई मोडते ती तहानेची निकड सरल्यावर. निर्जल वाटेवर तिच्याच भरंवशावर प्रवासी निघाले असतां ती मोडणें निराळें. दान करणें ऐच्छिक असेल. परंतु दानानें जो विश्वास उत्पन्न होतो, त्याचें ओझें दात्यावर राहतेंच.

येथें कंपनीस न्याय दिला पाहिजे. तिनें अॅप बंद होणार हें आधीं कळविलें, आणि त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. तीवरून इतरांनीं पुढें नवीं अॅप्स चालविलीं. पाणपोई मोडतांना विहिरीचा दोर गांवाच्या हातीं द्यावा, तसेंच हें झालें. परत घेण्याचा अधिकार मान्य केला, तरी त्याची किमान अट हीच असावी असें आम्हांस वाटतें.

अशा अॅपची मर्यादाही विसरतां कामा नये. मोकळ्या आकाशाखालीं फोनचें स्थान साधारणतः ५ मीटरांच्या आंत बरोबर असतें. उंच इमारतींमध्यें चूक वाढते. पांच मीटरांत पदपथ, गटार आणि धांवतीं वाहनें हीं सर्व सहज मावतात! म्हणून पांढरी काठी सुटत नाहीं. पण त्यावरून अॅप ही केवळ चैन होय असें ठरत नाहीं. काठी पायाखालचें सांगते. पुढें कोणता रस्ता आहे, कोणतें दुकान आहे, हें सांगणें तिच्या आवांक्याबाहेरचें.

आणि नेमकें हेंच ज्ञान डोळसांस रस्त्यावरील पाट्या देतात. नगरपालिका त्या सार्वजनिक पैशानें लाविते. त्यास कोणी धर्मादाय म्हणत नाहीं. मग तोच मजकूर कानांस पोंचविणें मात्र दया कां मानावी? आपल्या देशांतील २०१६ चा दिव्यांग व्यक्तींविषयींचा कायदाही दयेची नव्हे, अधिकाराची भाषा बोलतो, व रस्त्यांबरोबर माहिती आणि संदेशवहन यांच्याही सुगमतेचा त्यांत समावेश करितो.

साउंडस्केपचा आधार जो ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा, तो २००४ पासून लोकांनींच भरीत आणलेला आहे. आपल्या गल्लींतील ओलांडण्याची जागा वा पायऱ्या त्यांत नोंदविण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. दात्याच्या मर्जीस आपण दोष देतों. पण सर्वांच्या रस्त्याचें ज्ञान एकाच दात्याच्या मर्जीवर सोंपविण्याचा दोष समाजाचा आहे. नगरपालिकेनें आपल्या पाट्यांप्रमाणेंच ही नोंदही आपलें काम मानावें, आणि तोंवर आपण डोळसांनीं निदान आपली गल्ली तरी लिहून ठेवावी. तेव्हां त्या काठीचीं दोन्ही टोंकें अंधाच्या हातीं येतील.