नावडतीचा प्रश्न

श्रावणी सोमवारी देऊळघाटास आमच्या घरी शिवामुठीची कहाणी वाचण्याचा परिपाठ आहे. राजाच्या चार सुनांपैकी एक नावडती. तिला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र, राहावयास गोठा. नागकन्यांकडून ती व्रत शिकते, देव प्रसन्न होतो, सासऱ्याचे पागोटे देवळातल्या खुंटीवर राहते, आणि अखेर तिला पालखीतून घरी आणतात. गेल्या श्रावणात मातोश्रींनी पोथी मिटताच आमची पंधरा वर्षांची पुतणी म्हणाली, "पण काका, ती नावडती कशापायी?" जुन्या कहाण्यांत असे असायचेच, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. शिक्षकास हे उत्तर शोभले नाही. कहाणीत कारण खरोखरच दिलेले नाही; ते द्यावे असे कथाकारास वाटलेही नाही.

परीकथा स्त्रियांच्या बाजूने नव्याने लिहिण्याची चाल पश्चिमेकडे पडून बराच काळ लोटला. १९७९ साली अँजेला कार्टर यांनी निळ्या दाढीवाल्याची कथा प्रौढांसाठी सांगताना नायिकेच्या सुटकेस भावांऐवजी तिची आई घोड्यावर धाडली. पुढे तरुण मुलींसाठीही तशी पुस्तके निघाली. काही उत्तम आहेत. काहींत मात्र राजपुत्राची तलवार राजकन्येच्या हाती दिली की लेखक कृतार्थ होतो. आमची नावडती उद्या तलवार घेऊन गोठ्याबाहेर पडली, तर वाचणारीस आनंद होईल खरा. पण तिला गोठ्यात घालणारा राजा जाब देण्यावाचून सुटेल, त्याचे काय?

जवळच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, तेव्हा सावित्रीची कथा बदलली नाही. नवऱ्यासाठी बायको यमाच्या दरबारी गेली. बायकोसाठी कोणी नवरा त्या वाटेला तरी लागला काय, एवढेच त्यांनी विचारले. महाभारतात रुरूने प्रमद्वरेस आपले अर्धे आयुष्य दिले आहे, असे कोणी पंडित म्हणेल. दिले खरे, पण रुरूच्या नावाने पुरुषांचे एखादे व्रत आमच्या ऐकिवात नाही! ते पुस्तक मात्र लोक विसरले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत.

हे सारे त्या रात्री आम्ही पुतणीस सांगत होतो. मातोश्री वाती वळीत ऐकत होत्या. जुनी पिढी ऐकते आणि मान डोलवते, अशी आमची समजूत होती. त्या म्हणाल्या, "पालखी आणली, पण आमचं चुकलं असं एकानंही म्हटलं नाही. मी दरसाल तिथं जराशी थांबते. तुम्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही."