साडेपाच मिनिटांचा न्याय

मार्च २०२२ मधली गोष्ट. मध्यरात्रीच्या सुमाराला नोएडाच्या रस्त्यावर पाठीला सॅक लावून एक पोरगा धावत होता. गाडीतून जाणारे चित्रपट दिग्दर्शक विनोद कापरी यांनी काच खाली करून त्याला सोडतो म्हणून सांगितलं. तो नाही म्हणाला. धावता धावताच दोघांचं बोलणं झालं. मुलगा उत्तराखंडातल्या अल्मोड्याचा, नाव प्रदीप मेहरा, वय १९. सेक्टर १६ मधल्या मॅकडॉनल्ड्समध्ये काम करायचा आणि पाळी संपली की बरोल्यातल्या खोलीपर्यंतचे दहा किलोमीटर पळत गाठायचा. सैन्यात जायचं होतं. सकाळी उठून स्वयंपाक आणि मग कामावर, त्यामुळे सरावाला दुसरी वेळच नव्हती. जेवून जा म्हटल्यावर तेही नको म्हणाला. घरी भाऊ होता, त्याच्यासाठी रांधायचं होतं.

ती चित्रफीत देशभर फिरली. निवृत्त लेफ्टनंट जनरल सतीश दुआ यांनी या मुलाला परीक्षेच्या तयारीत मदत व्हावी म्हणून कुमाऊं रेजिमेंटच्या वरिष्ठांकडे शब्द टाकला. बाकीच्यांनी डोळे पुसले आणि आपापल्या मुलांना ती चित्रफीत पाठवून दिली. जिद्द म्हणतात ती ही, असं सगळे म्हणाले. मी ती पाहिली तेव्हा मला सगळ्यात जास्त भावलं ते त्याचं वेळापत्रक. बसचा वेळ आणि सरावाचा वेळ त्यानं एकात घातला होता. आज धावायचं का, हा प्रश्न रोज नव्यानं सोडवावाच लागू नये अशी सोय करून ठेवली होती. घरी तर जायचंच आहे.

भरतीच्या मागे लागलेल्या मुलांना आपण फार ठोकळेबाज धीर देतो. खचू नकोस, मनात आणलंस तर काहीही अशक्य नाही, वगैरे. पण ‘आपल्याच्यानं होईल का’ ही शंका सगळ्यांनाच येते, पुढे मोठे अधिकारी झालेल्यांनाही आलेली असते. ती शंका आपण कुणाला विचारतो, यावर मात्र पुष्कळ अवलंबून असतं. काही शंकांचं उत्तर मैदानाकडे असतं, काहींचं सरकारकडे. काहींचं उत्तर द्यायला कुणीच बांधील नसतं. मुलं बहुतेक वेळा ती विचारतात शेजाऱ्यांना, आत्याच्या यजमानांना, किंवा रात्री दोन वाजता मोबाईलला.

आधी मैदानाचं. सैनिकाच्या भरतीत १६०० मीटर धावायचं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० गुण, त्यापुढच्या पंधरा सेकंदांत आलं तर ४८. बीमवर दहा ओढी काढल्या तर ४०, सहाच निघाल्या तर १६. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल नुसता पार केला की झालं. कैक वर्षं हे कोष्टक मुलांच्या तोंडावर आहे. ते सातारा-कोल्हापूरकडच्या मुलाला जसं पाठ, तसंच दिल्लीला खेटून असलेल्या झज्जरच्या आणि रोहतकच्या मुलालाही. ‘ग्राउंड निघालं का?’ हा प्रश्न आपल्याकडे विचारतात, तिकडे ‘दौड निकली?’ म्हणतात.

चारशे मीटरच्या मैदानावर या चार फेऱ्या होतात, म्हणजे फेरीला साधारण ८२ सेकंद. भरतीच्या दिवशी गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी भलतीच जोरात जाते आणि तिसरीत पाय जड होतात. ज्याला आपण अवसान गळणं म्हणतो ते बऱ्याचदा या तिसऱ्या फेरीत गळतं, आणि त्याचं कारण पहिल्या फेरीत असतं. हे मनोबलाचं दुखणं म्हणून उपचाराला घेतलं तर पोरगा भाषणं ऐकत बसेल. वेग वाटून घेण्याचं काम म्हणून घेतलं तर दोन महिन्यांत फरक दिसतो. स्टॉपवॉच आज सहा मिनिटं पाच सेकंद सांगतं, पुढच्या महिन्यात पाच अठ्ठावन्न. त्या सात सेकंदांत कुणाचं मत मिसळलेलं नसतं. ‘तुझ्या अंगात काही नाही’ या वाक्यात एकही आकडा नसतो, म्हणून तर ते वर्षानुवर्षं टोचत राहतं.

पण हा न्याय मैदानापुरताच. मैदानाला पोचायला तारीख लागते, आणि तारीख मुलांच्या हातात नसते.

करोनात भरती जवळजवळ थांबली. काहींची शारीरिक आणि वैद्यकीय चाचणी झालेली होती, लेखी परीक्षा तेवढी राहिली होती. ती आज होईल, उद्या होईल म्हणत दोन वर्षं गेली. प्रदीपची चित्रफीत मार्चमध्ये आली आणि त्याच वर्षी १४ जूनला अग्निपथ योजना जाहीर झाली. वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, त्यानंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीच्यांना साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. जुनी रखडलेली भरती रद्द झाली. दोन वर्षं मैदानावर घालवलेल्या कितीतरी मुलांचं वय मैदानावरच निघून गेलं होतं. ओरड झाल्यावर त्या एका वर्षापुरती मर्यादा तेवीसवर नेण्यात आली. राजधानीजवळच्या पलवलमध्ये दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं योजना वैध ठरवली, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला.

योजना चांगली की वाईट यावर दोन्ही बाजूंनी बरंच लिहून झालं आहे. सैन्याचं सरासरी वय खाली आणायचं आहे हा सरकारचा मुद्दाही पोकळ नाही. मला खटकतं ते वेगळं. फाईल जागची न हलल्यामुळे ज्याचं वय गेलं, त्याला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणणं ही त्याची थट्टा आहे. त्याच्यात काही कमी नव्हतं, हे कुणीतरी त्याला स्पष्ट सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे तो कमीपणा स्वतःत शोधत बसतो.

अधिकारी व्हायला निघालेल्यांचं दुखणं आणखी निराळं. एनडीए किंवा सीडीएसची लेखी परीक्षा निघाली की एसएसबी, म्हणजे पाच दिवसांची निवड. प्रयागराज, भोपाळ, बंगळूर, कपूरथळा अशा ठिकाणी. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि पुष्कळ जण संध्याकाळच्या गाडीनं परत निघतात. त्यांना म्हणायचं ‘स्क्रीन आऊट’. शेवटपर्यंत टिकून नाव न पुकारलं गेलेले ‘कॉन्फरन्स आऊट’. छातीवरचे क्रमांक वाचले जातात, बाकीच्यांना स्टेशनवर सोडायला गाडी तयार असते. कारण सांगत नाहीत. मैदानावर सेकंदांनी हरलेल्या मुलाला निदान किती सेकंद ते तरी कळतं. इथे हरलेला मुलगा घरी येऊन आपलं अख्खं व्यक्तिमत्त्व नापास झालं असं धरून चालतो.

या चाचण्यांमागचं संशोधन करणारी संस्था दिल्लीतच आहे. तिमारपूरच्या लखनौ रोडवर डीआरडीओची मानसशास्त्रीय संशोधन संस्था. तिथून थोड्याच अंतरावर मुखर्जी नगर, जिथं स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि मराठी मुलांच्या खोल्या खेटून आहेत. एकीकडे माणूस ओळखायच्या पद्धती घडतात, दुसरीकडे त्या पद्धतींना द्यायची उत्तरं. पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य, असे साठ शब्द. अर्ध्या तासात साठ प्रसंग. आणि शेवटी स्वतःविषयी लिहायचं: आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. वर, कोणते गुण अजून अंगी आणायचे आहेत.

ही शेवटची चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. तुझ्यात काय कमी आहे हे सैन्य स्वतःहून विचारतं आहे. स्वतःबद्दल शंका नसलेला मुलगा इथं काय लिहिणार? क्लासमध्ये त्यावरही तोडगा निघालेला आहे. ‘मी कामात फार बुडून जातो’ छापाचे बिनधोक दोष पाठ करून घेतात. खरा दोष ठाऊक असलेला आणि त्यावर काही करत असलेला मुलगा तो लपवतो. गंमत म्हणजे शंका मनातून काढून टाकण्यासाठी फी भरली जाते, आणि परीक्षेत जागा असते ती लिहून दाखवायला.

आता शंकेचा आणखी एक प्रकार, जो वरून येतो, सरकारी शाईत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती, ज्यांच्यातून रामजी सकपाळांसारखे सुभेदार झाले होते, त्यांना कळवण्यात आलं की तुम्ही लढणारे नव्हेत. गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले, याविरुद्ध विनंतिपत्र तयार केलं. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ च्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तिथं त्यांनी हा विषय लावून धरला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे या रेजिमेंटचे दोन अधिकारी लष्करप्रमुख झाले.

कांबळ्यांच्या अर्जापासून बेळगावपर्यंत ३१ वर्षं. १९१० मध्ये विशीत असलेला माणूस तोवर पन्नाशीला टेकला असणार. त्याची स्वतःची भरतीची इच्छा कधीच मेलेली. तरी अर्ज चालू राहिले, कारण ते एकट्याच्या उमेदीवर चाललेले नव्हते. या शंकेला धावून उत्तर देता येत नाही. तिला उत्तर अर्जानंच द्यावं लागतं.

‘तुम्ही लढणारे नव्हेत’ म्हणणारा असाच सरकारी कागद अलीकडे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांविषयीच्या बबिता पुनिया प्रकरणात सरकारनं लेखी मांडलं की स्त्रियांच्या शारीरिक मर्यादा आहेत, आणि बहुतांश ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानायला मनानं तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. पुढच्या वर्षी कुश कालरा या वकिलांच्या याचिकेवर १८ ऑगस्टला अंतरिम आदेश झाला आणि मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली. अर्ज भरायला थोडेच दिवस मिळाले, तरी पावणेदोन लाखांच्या आसपास मुलींनी अर्ज केले. लेखी परीक्षेत १,००२ निघाल्या, जागा होत्या १९. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या संचलनात पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. वर्षानुवर्षं ज्या मुलींना ‘तुझं काम नव्हे’ असं ऐकावं लागलं, त्यांना दार उघडल्या दिवशी प्रोत्साहनाच्या भाषणाची गरज पडलेली दिसत नाही.

बाकी राहिलेल्या लाखोंचं काय, हा प्रश्न तरीही उरतो. नापास मुलांना हमखास सांगितली जाते ती डॉ. कलामांची गोष्ट. १९५८ मध्ये वैमानिक व्हायला ते डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीला गेले. पंचवीस उमेदवारांत नववे आले, घेतले आठ. पुढे राष्ट्रपती म्हणून तिन्ही दलांचे सरसेनापती झाले, २००६ मध्ये पुण्याहून सुखोईतून उडाले. गोष्ट ऐकणाऱ्याला वाटतं, नाकारलं गेलेलं शेवटी व्याजासकट परत मिळतंच. मिळत नाही. नवव्या आलेल्यांपैकी राष्ट्रपती एकच झाला.

पण या गोष्टीतला एक तपशील सहसा गाळला जातो, आणि माझ्या लेखी कामाचा तोच आहे. डेहराडूनला जाण्याआधी कलाम दिल्लीला उतरले होते. तिथं संरक्षण खात्याच्या तंत्रविकास संचालनालयात त्यांनी दुसरी मुलाखत दिलेली होती. डेहराडूनचं दार बंद झालं तेव्हा दिल्लीचं उघडं होतं, महिना अडीचशे रुपयांचं. निराशा झालीच. पण एकाच मुलाखतीवर सगळा जीव टांगलेला नव्हता.

भरतीच्या अकादम्यांत हे बोलणं अपशकुनी मानतात. ‘दुसरा विचार मनात आला की पहिलं गेलं,’ असं मुलांना बजावतात. मला हे पटत नाही. ठरल्या वयाला दार बंद होणार हे ठाऊक असलेल्या मुलाला त्यापुढच्या वर्षाचा विचार करू न देणं ही त्याच्या निष्ठेची कसोटी कशी होते, कुणी समजावून सांगावं. दुसरी वाट माहीत असलेला मुलगा मैदानावर उलट मोकळा धावतो. घरातून टोमणे येतात तेही बहुधा हेच भय बोलून दाखवत असतात: हे नाही झालं तर पुढे काय? त्या प्रश्नाचं उत्तर मुलाकडे असेल तर टोमण्यांचा जोर निम्मा होतो.

आणि उत्तर फार लांब नसतं. दिल्ली पोलिसांच्या शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटरच धावायचं असतं, फक्त वेळ सहा मिनिटांची आणि वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे पंचवीसपर्यंत. महाराष्ट्र पोलिसांच्या मैदानी चाचणीतही हेच अंतर. केंद्रीय दलांच्या शिपायांना पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत काढावे लागतात. साडेपाच मिनिटांच्या नादात तीन वर्षं घालवून पाच चाळीसवर अडकलेला मुलगा सैन्याच्या कोष्टकात ४८ गुणांचा. तोच दिल्ली पोलिसांच्या मैदानावर उतरला तर त्याच्या हाताशी वीस सेकंद शिल्लक असतात.