विधान आणि उद्गार

आज हयात असलेल्या तत्त्वज्ञांत सर्वश्रेष्ठ कोण, असा प्रश्न परवा आमच्या स्नेहीमंडळींत निघाला. प्रत्येकाने आपापला मानकरी पुढे केला. आम्हीही एक नाव मोठ्या निश्चयाने उच्चारले. तोच आमच्या पुतणीने विचारले, “काका, त्यांचा कोणता ग्रंथ तुम्ही वाचला आहे?” आम्ही एकही वाचला नव्हता. मग आम्ही जे बोललो त्यास विधान म्हणावे काय?

केवळ वाक्याच्या रूपावरून याचा निर्णय होत नाही. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोट्‌लोब फ्रेगे याने १८७९ च्या आपल्या ग्रंथात एखादा विचार मनापुढे ठेवणे आणि तो सत्य म्हणून प्रतिपादणे यांत भेद करून, दुसऱ्या कृतीसाठी एका उभ्या रेषेचे स्वतंत्र चिन्ह योजिले. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ असे म्हणणारा पाऊस पडल्याचे सांगत नसतो. रंगभूमीवरील नटाचे बोलणेही त्याचे स्वतःचे प्रतिपादन नव्हे. मग विधानात अधिक काय असते? आमच्या मते, एक ऋण असते. ‘कशावरून?’ असे कोणी विचारल्यास कारण देण्याचे, आणि ते देता न आल्यास शब्द मागे घेण्याचे ऋण. आपल्या नैयायिकांनी अनुमानवाक्यात प्रतिज्ञेपाठोपाठ हेतूस स्थान दिले, त्याचे मर्म हेच. टिमथी विल्यमसन हे इंग्रज तत्त्वज्ञ तर १९९६ पासून असे प्रतिपादीत आले आहेत की, जे आपणांस ज्ञात आहे त्याचेच विधान करावे.

यावर कोणी म्हणेल, ‘असे असेल तर मौनच पत्करावे लागेल, आपले बहुतेक ज्ञान परोक्तच नव्हे काय?’ आक्षेप रास्त आहे. न्यायदर्शनही आप्तवाक्यास प्रमाण मानते. परंतु उसनवारीचा धनी सांगावा, एवढी तरी अपेक्षा गैर नाही. ‘जाणते त्यांस थोर मानतात’ हे वाक्य आम्हांस प्रामाणिकपणे उच्चारता आले असते. ‘तेच सर्वश्रेष्ठ’ हे नव्हे.

शिवाय समकालीनांची प्रतवारी हा बहुधा भविष्यकथनाचाच प्रकार असतो. फ्रेगे येना येथे अध्यापन करीत असता त्याची थोरवी फारच थोड्यांनी ओळखली. १९२५ मध्ये तो वारला, आणि त्याची खरी कीर्ती त्यानंतर पसरली. त्याच्या हयातीत कोणी यादी केली असती, तर तीत त्याचे नाव क्वचितच आढळले असते.

याद्या मुळीच करू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. काय वाचावे हे त्यांवरून कळत असेल तर त्या उपकारकच होत. मात्र वाचनाच्या जागी त्या येऊन बसल्या की आदराचे केवळ उद्गार उरतात, आणि ज्याचा गौरव करावयाचा त्याचाच त्यात अव्हेर होतो. कारण तत्त्वज्ञास हार नको असतो, उत्तर हवे असते.

पुतणीजवळ आम्ही आमचा शब्द मागे घेतला आहे. त्या विद्वानांचा एक ग्रंथ आता मेजावर आहे. दोन प्रकरणे झाली, आणि दुसऱ्यातील एक मुद्दा आम्हांस मुळीच पटलेला नाही. त्यांच्याविषयी आमचे पहिले विधान बहुधा तेच ठरेल.